लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचे सुरक्षित ओव्हरक्लॉकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

ग्राफिक्स चिप एका सेकंदात किती वेळा ठोके घेते, ते तिच्या क्लॉकवरून कळते आणि हे ठोके मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कार्डात अशी दोन क्लॉक आपल्या कामाची असतात : एक चिपच्या गाभ्याचे, म्हणजे कोअर क्लॉक, आणि दुसरे कार्डावरील मेमरीचे. कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक कार्डाच्या व्हीबायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या व्होल्टेजला किती मेगाहर्ट्झपर्यंत जायचे, याचा एक आलेख भरलेला असतो. एकाच नावाच्या दोन चिप तंतोतंत सारख्या कधीच नसतात. त्यामुळे उत्पादक हा आलेख असा ठेवतो की उत्तीर्ण झालेल्या चिपांपैकी सर्वांत कमकुवत चिपही कडक उन्हाळ्यात, धूळ साचलेल्या पंख्यासह विनातक्रार चालावी. आपल्या वाट्याला आलेली चिप त्याहून बरी असेल, तर मधली जागा शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक जागा वापरणे. ती किती आहे, हे कार्डाच्या नावावरून कळत नाही, चाचणीनेच कळते.

डेस्कटॉपवरील मार्गदर्शन लॅपटॉपला जसेच्या तसे का लागू पडत नाही?

डेस्कटॉपमध्ये अडचण बहुधा चिपच्या क्षमतेची असते, तर लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा वॅटची आणि उष्णतेची असते. या एका फरकातून बाकीचे सगळे फरक निघतात. लॅपटॉपच्या कार्डाला किती वॅट मिळतील हे लॅपटॉपचा उत्पादक ठरवतो, आणि ती मर्यादा वापरकर्त्याला सहसा बदलता येत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या लॅपटॉप कार्डासाठी ही मर्यादा ६० ते ११५ वॅटच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि आरटीएक्स ४०६० साठी ती ३५ ते ११५ वॅट अशी आणखी रुंद आहे. म्हणजे नाव एकच असलेली दोन कार्डे प्रत्यक्षात दोन वेगळ्या ताकदीची निघू शकतात, आणि एकाला मानवलेले आकडे दुसऱ्याला मानवतीलच असे नाही.

शिवाय अनेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यावरून जाणाऱ्या उष्णतावाहक नळ्या सामाईक असतात. प्रोसेसर तापला की ग्राफिक्स चिपही तापते, मग तिच्या क्लॉकला आपण हात लावलेला असो वा नसो. एनव्हिडियाची डायनॅमिक बूस्ट ही व्यवस्था तर दोघांमध्ये वॅटचीही वाटणी करते : प्रोसेसरला काम कमी असेल, तर त्याच्या वाट्याचे काही वॅट ग्राफिक्स चिपला मिळतात. म्हणून लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाचा विचार सुटा करता येत नाही.

प्रत्यक्षात वेग किती वाढतो?

फार नाही, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. लॅपटॉपमध्ये पाच ते आठ टक्के वाढ मिळाली, तर काम चांगले झाले असे समजावे; एखाद्या खेळात सेकंदाला ६० चित्रे मिळत असतील, तर ती ६३ किंवा ६४ होतील. खेळ आधी अडखळत चालत असेल, तर तो एवढ्याने सुरळीत होणार नाही. त्यासाठी खेळातील छायांचा दर्जा एक पायरी खाली आणणे याहून अधिक उपयोगी पडते.

काही वेळा तर वाढ शून्य असते. खेळ चालू असताना ग्राफिक्स चिपचा वापर ७० टक्क्यांच्या आसपासच राहत असेल आणि चित्रांच्या संख्येवर कोणतीही मर्यादा घातलेली नसेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा आहे, आणि ग्राफिक्स क्लॉक वाढवून काहीही हाती लागणार नाही. कार्डावरील मेमरी पूर्ण भरून खेळ थबकत असेल, तरीही हाच निष्कर्ष लागू पडतो, कारण ओव्हरक्लॉकिंगने मेमरीचा वेग वाढतो, तिची जागा वाढत नाही.

कार्ड जळण्याची भीती कितपत खरी आहे?

केवळ सॉफ्टवेअरने क्लॉक वाढवले म्हणून लॅपटॉपचे कार्ड जळण्याची शक्यता कमी असते. त्याचे कारण असे की बहुतेक लॅपटॉपांत कमाल व्होल्टेज आणि वॅटची मर्यादा या दोन्ही गोष्टी कुलूपबंद असतात, आणि तापमान ठरावीक पातळीवर गेले की चिप स्वतःच क्लॉक खाली आणते. क्लॉक जास्त झाले तर आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणारे सॉफ्टवेअर, कोसळतो, स्क्रीन काळी होते किंवा यंत्र पुन्हा सुरू होते. हे त्रासदायक असले, तरी त्याने सहसा कायमचे नुकसान होत नाही.

खरा धोका सावकाश येतो. चिपला वीज पुरवणारे भाग आणि मेमरीच्या चिपा यांचे तापमान अनेक लॅपटॉपांत दिसतच नाही, कारण त्यांचे संवेदक नसतात किंवा त्यांचे आकडे वाचता येत नाहीत. ग्राफिक्स चिप ७५ अंशांवर निवांत दिसत असताना शेजारची मेमरी बरीच अधिक तापलेली असू शकते. व्हीबायोस बदलून वॅटची मर्यादा उठवणे किंवा बोर्डावरील वीज मोजणाऱ्या रोधकांवर डाग देऊन कार्डाला फसवणे, हे प्रकार या पानाच्या कक्षेबाहेरचे आहेत. लॅपटॉपचा बोर्ड, चार्जर आणि पंखे त्या वाढीव विजेसाठी आखलेले नसतात, आणि ग्राफिक्स चिप बोर्डालाच जोडलेली असल्याने बिघाड झाला, तर बहुधा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो.

वॉरंटी जाते का?

उत्पादकानुसार उत्तर बदलते. काही उत्पादक स्वतःच्याच सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरक्लॉकिंगची सोय देतात, तर काहींच्या अटींमध्ये त्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. आपल्या लॅपटॉपच्या वॉरंटीची अट सुरुवात करण्यापूर्वी शब्दशः वाचावी. एक जुना प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे : २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने ९००एम मालिकेच्या लॅपटॉप कार्डांचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधूनच बंद केले होते, आणि ग्राहकांनी आवाज उठवल्यावर ती सोय परत देण्याचे जाहीर केले. ही सोय कंपनीच्या मर्जीवर चालते, हे त्यावरून ध्यानात यावे.

सुरुवात कोठून करावी?

क्लॉकला हात न लावता, मोजण्यापासून. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून बहुतेक जण तो वगळतात, आणि मग आपण मिळवले की गमावले, हे त्यांना अखेरपर्यंत कळत नाही.

लॅपटॉप त्याच्या मूळ चार्जरला जोडावा, उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील सर्वाधिक क्षमतेचा मोड निवडावा, आणि नेहमी खेळतो तोच खेळ किंवा एखादी ठरावीक चाचणी किमान वीस मिनिटे चालवावी. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सोडून द्यावेत, कारण तोवर धातूचे भाग तापलेले नसतात. त्यानंतर चिपचे तापमान, कोअर क्लॉक, मेमरी क्लॉक, खर्च होणारे वॅट आणि सेकंदाला मिळणारी चित्रे, एवढे लिहून ठेवावे. खोलीचे तापमानही नोंदवावे. पहाटेच्या गारव्यात घेतलेला आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

याच वेळी जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘परफकॅप रीझन’ नावाची ओळ पाहावी. चिप याहून वर का जात नाही, याचे कारण ती ओळ सांगते. तेथे सतत वॅटची मर्यादा दिसत असेल, तर चिपला वीज अपुरी पडते आहे. तापमान दिसत असेल, तर थंडावा अपुरा पडतो आहे. व्होल्टेज दिसत असेल, तर आलेखाचे टोक गाठले आहे. पुढे काय करायचे, ते या एका ओळीवर ठरते. तापमानाची मर्यादा आधीच गाठलेल्या लॅपटॉपचे क्लॉक वाढवणे म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याला पळ म्हणणे.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

एमएसआय आफ्टरबर्नर हे सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर आहे आणि इतर कंपन्यांच्या लॅपटॉपवरही ते चालते. एएमडीच्या कार्डांसाठी त्यांच्याच ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगचा विभाग असतो, मात्र लॅपटॉप कार्डांत त्यातील सगळ्या सोयी उपलब्ध असतातच असे नाही. तापमान आणि वॅट पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो उत्तम आहे. आफ्टरबर्नरच्या नावाने घातक सॉफ्टवेअर वाटणारी बनावट पाने यापूर्वी उघडकीस आली आहेत. त्यामुळे शोधयंत्रातील पहिल्या जाहिरातीवर टिचकी न मारता ते मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावे.

क्लॉक बदलणारी दोन सॉफ्टवेअरे एकाच वेळी चालू ठेवू नयेत. उत्पादकाचे सॉफ्टवेअर स्वतःच क्लॉकमध्ये थोडी वाढ करत असेल, तर आफ्टरबर्नरमधील आकडा तिला पुसून टाकतो किंवा उत्पादकाचे सॉफ्टवेअर मोड बदलताना आफ्टरबर्नरचा आकडा पुसते, आणि मग चूक शोधता शोधता दिवस जातो.

तापमान किती असावे?

एनव्हिडियाच्या अनेक लॅपटॉप कार्डांत तापमानाची मर्यादा ८७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली असते, आणि तेथे पोहोचल्यावर चिप क्लॉक कमी करते. ८७ चालते म्हणून ८६ वर समाधान मानू नये. दीर्घ वापरात ८० च्या खाली राहिल्यास थोडी सवड उरते, आणि आमच्या मते मूळ स्थितीतच ८३ किंवा त्याहून वर जाणाऱ्या लॅपटॉपचे ओव्हरक्लॉकिंग करण्यापूर्वी त्याची साफसफाई करावी. चिपच्या सर्वांत तापलेल्या बिंदूचे तापमान वेगळे दाखवले जात असेल, तर ते सरासरी तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंशांनी अधिक असणे स्वाभाविक आहे. हा फरक २५ अंशांवर जाऊ लागला, तर चिपवरील पेस्ट सुकली आहे किंवा वरचा धातू नीट बसलेला नाही, असा संशय घ्यावा.

कोअर क्लॉक कसे वाढवावे?

आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकच्या पट्टीवर आपण जो आकडा भरतो, तो अंतिम क्लॉक नसून मूळ आलेखावर चढवलेली भर असते. सुरुवातीला ५० मेगाहर्ट्झची भर द्यावी, दहा मिनिटे चाचणी चालवावी, आणि मग २५ ते ३० च्या पायऱ्यांनी पुढे जावे. अलीकडच्या एनव्हिडिया चिप १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनीच वरखाली होतात, त्यामुळे पाच-पाचने वाढवण्यात वेळ वाया जातो. चाचणी कोसळली की मागे यावे, पण फक्त एक पायरी नव्हे. किमान दोन पायऱ्या मागे येऊन तेथे थांबावे. अनेक कार्डे १०० ते १५० च्या भरीपर्यंत चालतात, काही ७५ वरच अडतात. दुसऱ्याचा आकडा सरळ उचलून भरू नये.

यात एक गंमत आहे, जी समजली की पुढचा सगळा विषय सोपा होतो. भर दिल्याने संपूर्ण आलेख वर सरकतो. म्हणजे पूर्वी जे क्लॉक मिळवायला अधिक व्होल्टेज लागत होते, तेच आता कमी व्होल्टेजला मिळते. वॅटची मर्यादा मात्र जागेवरच असते. त्यामुळे वॅटच्या मर्यादेत अडकलेल्या लॅपटॉपमध्ये कोअर क्लॉकला भर देणे हे खरे तर तेवढ्याच विजेत अधिक काम काढून घेणे असते, आणि तापमानही त्यामुळे फारसे वाढत नाही. पट्टीचे नाव ओव्हरक्लॉकिंग, पण परिणाम बराचसा अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे तेच क्लॉक कमी व्होल्टेजला चालवण्याचा.

मग सरळ अंडरव्होल्टिंगच का करू नये?

अवश्य करावे. लॅपटॉपसाठी आम्ही आधी तेच सुचवू. चिपचा चालता वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे क्लॉक तेवढेच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी करता आले, तर हा खर्च जवळपास १९ टक्क्यांनी घटतो. वाचलेले हे वॅट दोन प्रकारे वापरता येतात : एक तर लॅपटॉप थंड आणि शांत ठेवता येतो, किंवा त्याच वॅटमध्ये क्लॉक वर नेता येते.

त्यासाठी आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबून आलेख उघडावा. मोजणीच्या वेळी दीर्घ वापरात चिप ज्या क्लॉकवर स्थिरावत होती, ते आपल्या वहीत आहेच. समजा ते १७०० मेगाहर्ट्झ होते आणि त्या वेळी व्होल्टेज ८५० मिलिव्होल्ट होते, तर ८०० मिलिव्होल्टचा बिंदू वर ओढून १७०० वर आणावा, आणि त्याच्या उजवीकडचे सर्व बिंदू त्याच पातळीवर सपाट करून लागू करावे. त्यामुळे चिप ८०० मिलिव्होल्टच्या पलीकडे जातच नाही. हे स्थिर राहिले, तर क्लॉक १५-१५ ने वाढवत न्यावे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक चिपचा आलेख वेगळा असतो.

मेमरी क्लॉक वाढवताना कोणती काळजी घ्यावी?

मेमरीचे वागणे कोअरपेक्षा अधिक फसवे आहे. कोअर मर्यादेबाहेर गेले की ड्रायव्हर कोसळतो आणि चूक उघड होते. आजच्या जीडीडीआर मेमरीत मात्र वाटेत बिघडलेली माहिती ओळखून ती पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावरही खेळ चालूच राहतो, फक्त ही पुनरावृत्ती करण्यात वेळ जातो आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. म्हणून मेमरीची प्रत्येक पायरी चाचणीच्या गुणांनी तपासावी. १०० च्या पायऱ्यांनी वर जावे, आणि गुण वाढायचे थांबले की यंत्र कितीही सुरळीत चालत असले तरी मागे यावे.

आकड्यांचाही एक घोळ आहे. एकाच मेमरीचे क्लॉक जीपीयू-झेडमध्ये १७५०, आफ्टरबर्नरमध्ये ७००० आणि जाहिरातीत १४००० असे दिसू शकते, कारण प्रत्येक ठिकाणी मोजण्याची रीत वेगळी असते. दुसऱ्याच्या भरीचा आकडा वाचताना तो कोणत्या सॉफ्टवेअरमधला आहे, हे आधी पाहावे. मेमरीच्या वाढीव क्लॉकलाही वीज लागते आणि ती त्याच वॅटच्या मर्यादेतून वजा होते, त्यामुळे मेमरी वाढवताच कोअर थोडे खाली आलेले दिसले, तर गोंधळून जाऊ नये.

कोअर आणि मेमरी एकाच वेळी कधीही वाढवू नयेत.

सेटिंग स्थिर आहे, हे कसे ओळखावे?

एका चाचणीने ओळखता येत नाही. थ्रीडीमार्क या चाचणी-सॉफ्टवेअरच्या टाइम स्पाय स्ट्रेस टेस्टमध्ये तेच दृश्य वीस वेळा चालते आणि चित्रांच्या संख्येतील सातत्य ९७ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ती उत्तीर्ण मानली जाते. सुरुवातीला ही कसोटी चांगली. फरमार्क हे चिपवर कमाल भार टाकणारे चाचणी-सॉफ्टवेअर लॅपटॉपवर दीर्घकाळ चालवू नये. ते विजेचा असामान्य भार टाकते, चिप लगेच वॅटच्या मर्यादेला टेकून खालच्या क्लॉकवर जाते, आणि जे वरचे क्लॉक आपल्याला तपासायचे असते, ते तपासलेच जात नाही.

त्यानंतर वेगवेगळ्या स्वभावाचे दोन-तीन खेळ काही दिवस खेळून पाहावेत. किरणरेखन (रे ट्रेसिंग) वापरणारे खेळ चिपचे जे भाग राबवतात, ते साध्या खेळांत निवांत असतात, आणि एका खेळात आठवडाभर स्थिर राहिलेली सेटिंग दुसऱ्यात दहा मिनिटांत कोसळल्याचे नेहमी दिसते. हलका भारही तपासावा. चिप थंड असताना ती अधिक वरच्या क्लॉकवर जाते, त्यामुळे खेळाच्या पहिल्याच मिनिटात किंवा मेनू उघडल्यावर यंत्र अडत असेल, तर दोष बहुधा आलेखाच्या वरच्या टोकाचा असतो.

स्क्रीनवर ठिपके दिसतात किंवा ती क्षणभर काळी होते. याचा अर्थ काय?

रंगीत ठिपके, चौकटींची नक्षी किंवा चमकणारे त्रिकोण दिसू लागले, तर चाचणी तत्काळ थांबवावी. ठिपके आणि चौकटी बहुधा मेमरीकडे बोट दाखवतात, तर वस्तूंचे आकार फाटणे कोअरकडे. स्क्रीन काळी होऊन परत येत असेल, तर विंडोजने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो : चिपने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज ते करते, आणि त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ या क्रमांकाने सापडते. खेळताना काहीच जाणवले नसले, तरी आठवड्यातून एकदा ही नोंद पाहावी. ड्रायव्हर कोसळल्यावर सेटिंग मूळ पदावर आणून यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि मगच पुढची चाचणी घ्यावी.

यंत्र सुरू होताच अडकते. आता काय करावे?

विंडोजच्या सेफ मोडमध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांसह, सुरू करावे. तेथे ग्राफिक्स ड्रायव्हर आणि आफ्टरबर्नर दोन्ही चालत नाहीत. आफ्टरबर्नर काढून टाकले की क्लॉक मूळ पदावर येते, कारण ही भर चिपमध्ये कायमची लिहिली जात नाही. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून, विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू करण्याचे बटण किमान दोन आठवडे दाबू नये.

बॅटरीवर चालवताना ओव्हरक्लॉकिंगचा उपयोग होतो का?

नाही. बॅटरी एवढी वीज सुरक्षितपणे देऊ शकत नाही, म्हणून कार्डाचे वॅट आधीच खूप खाली आणलेले असतात. अंडरव्होल्टिंगचा मात्र थोडाफार फायदा तेथेही होऊ शकतो.

चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरते. हे ठीक आहे का?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची एकत्रित मागणी चार्जरच्या क्षमतेपलीकडे गेली की काही लॅपटॉप उरलेली वीज बॅटरीतून घेतात. मूळ स्थितीत असे होत नसेल आणि ओव्हरक्लॉकिंगनंतर होऊ लागले असेल, तर मागे यावे. बॅटरीची अशी रोजची झीज तीन-चार जादा चित्रांच्या मोलाची नाही. प्रवासासाठी घेतलेला कमी वॅटचा टाइप-सी चार्जर लावून तर चाचणी घेऊच नये.

कूलिंग पॅड, नवी पेस्ट यांचा किती उपयोग होतो?

लॅपटॉपचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर उचलला, तरी हवेला वाट मिळून तापमान काही अंशांनी उतरते, आणि यासाठी घरातली कोणतीही टणक वस्तू चालते. पंख्याच्या जाळीतील धूळ काढणे हा त्याहून मोठा उपाय आहे. पेस्ट बदलायची असेल, तर लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ पेस्ट काही महिन्यांत कडेला सरकते, हे लक्षात घेऊन घट्ट पेस्ट किंवा उष्णतेने मऊ होणारे फेज-चेंज पॅड वापरावे. द्रवरूप धातू टाळावा : तो वीजवाहक असतो, आणि त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो.

प्रोसेसरचा टर्बो बूस्ट थोडा आवरला, तर सामाईक नळ्यांवरचा भार हलका होतो आणि ग्राफिक्स चिपला त्याचा थेट लाभ मिळतो. अनेकदा हा फायदा क्लॉक वाढवण्याच्या फायद्याहून मोठा निघतो, तरी त्याकडे फारच कमी जण वळतात.

पॉवर लिमिटची पट्टी हलतच नाही. ती मोकळी कशी करावी?

करू नये. ती पट्टी बंद आहे, कारण तुमच्या लॅपटॉपची वॅटमर्यादा व्हीबायोसमध्ये निश्चित केलेली आहे.

ओव्हरक्लॉकिंग कोणी टाळावे?

ज्यांचा लॅपटॉप कामाचा आहे आणि तासन्‌तास चालणारे रेंडरिंग, गणिती आकडेमोड किंवा मॉडेलचे प्रशिक्षण त्यावर होते, त्यांनी. खेळात एखादा पिक्सेल चुकला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. गणनेत एक आकडा चुकला, तर तो कोणतीही सूचना न देता निकालात शिरतो. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन थेट ग्राफिक्स कार्डाला जोडणारी सोय, आहे पण तो कधी वापरलेला नाही, त्यांनीही आधी तो वापरून पाहावा. चित्रे अंतर्गत ग्राफिक्समधून फिरून न येता थेट स्क्रीनवर गेल्याने काही खेळांत मिळणारी वाढ ओव्हरक्लॉकिंगपेक्षा अधिक असते, आणि त्यासाठी एकही चाचणी कोसळावी लागत नाही.

ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर सेटिंग पुन्हा तपासावी लागते का?

होय. नवा ड्रायव्हर चिपकडून वेगळ्या पद्धतीने काम करून घेऊ शकतो, त्यामुळे जुनी सेटिंग काठावरची असेल, तर ती याच वेळी ढासळते. ऋतू बदलल्यावरही तसेच : थंडीत ठरवलेली सेटिंग उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वीस मिनिटे चालवून, वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी.